वळणावरच्या गोष्टी

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या वाट्याला जिने येतात, हे लिफ्टनं जाणाऱ्यांच्या कधी ध्यानातच येत नाही. चालत्या लिफ्टसाठी त्याला बोलावतंय कोण? बोलावणं येतं ते ती अडकून बसली की, आणि तिचं यंत्र असतं नेमकं गच्चीवरच्या खोलीत. तो आयुष्यभरात इतके जिने चढला होता की ते सगळे एकावर एक ठेवले असते तर चंद्र मध्येच लागून मागे पडला असता, आणि वर पोचल्यावरही कुणीतरी म्हणालं असतंच, ‘काय हो मिस्त्री, इतका वेळ?’ त्या दिवशीही तो असाच चढत होता. मागून त्याचा जोडीदार. अंगानं काठी आणि वर रुंद डोकं, म्हणून सगळ्या कंपनीत त्याचं नाव पाना पडलेलं. मधल्या एका वळणावर एक म्हाताऱ्या बाई सामानाची पिशवी मांडीवर घेऊन पायरीवरच बसल्या होत्या. “आज होईल का हो सुरू?” त्यांनी विचारलं. तो थांबला. कठड्याला टेकला. आणि हात छातीवर ठेवून म्हणाला, “खरं सांगतो बाई, एकदा एका इमारतीत काय झालं...”

आणि तिथंच गप्प झाला. बाई वाट बघत राहिल्या, पाना वाट बघत राहिला, पण पुढचं वाक्य काही आलं नाही. कारण हे वाक्य त्याचं नव्हतंच. हातही त्याचा नव्हता. बोटं अशी किंचित पसरलेली, अंगठा शर्टाच्या बटणापाशी, शपथ घेतल्यासारखा सपाट तळवा. हा हात त्यानं शेवटचा पाहिला तेव्हा तो स्वतः एवढासा पोरगा होता आणि त्या हाताच्या मालकाच्या कमरेलाही पोचत नव्हता.

“मिस्त्री, पुढं काय झालं इमारतीत?” पानानं विचारलं.

“काही नाही. चल वर.”

दुखणं तसं नवं नव्हतं. बरेच दिवस चाललं होतं. छातीच्या मधोमध कुणीतरी लिफ्टचं काउंटरवेट, ते समतोलाचं लोखंडी ओझं, आणून टेकवावं, तेही टाकल्यासारखं नाही, सावकाश, जपून, फरशी फुटू नये अशा बेतानं. आणि मग ते डाव्या हातात उतरून जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत यायचं. थांबलं की जायचं. पुन्हा चढलं की यायचं. आणि इथं त्यानं जी चूक केली ती फक्त लिफ्टवालाच करू जाणे. लिफ्टमध्ये माणसं जास्त झाली की ती हलत नाही, एक जण बाहेर पडला की मुकाट चालू लागते. अशा लिफ्टला कुणी बिघडलेली म्हणतं का? ती तर गुणी लिफ्ट. तसंच आपलं, असं त्यानं ठरवून टाकलं. दुखणं थांबल्यावर थांबतंय म्हणजे यंत्रणा चोख आहे, वजन तेवढं जास्त होतंय. मग त्यानं वजन कमी करायला घेतलं. आधी मोठा हातोडा पानाकडे गेला, मग साखळी, मग डबा, शेवटी मिस्त्रींच्या पिशवीत एक स्क्रूड्रायव्हर आणि हात पुसायचं फडकं एवढंच राहिलं, आणि पाना मागून बाजारातल्या हमालासारखा वाकून चालू लागला. “मिस्त्री,” तो एकदा म्हणाला होता, “आता तुम्हालाच खांद्यावर घेतो, म्हणजे भानगडच मिटली.”

त्या दिवशी यंत्राच्या खोलीत, तेलाच्या आणि गरम तारांच्या वासात, तो उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसून राहिला आणि पानाला म्हणाला, तूच बघ आज ब्रेक. पाना बघत होता. आणि तो मात्र दुसऱ्याच जिन्यात होता. त्या जिन्याला लिफ्ट नव्हती, उजेडही फारसा नव्हता, आणि भिंतीला खांद्याच्या उंचीवर लोकांच्या घामानं आलेली एक चकाकी होती. घर सगळ्यांत वर. वडील चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे, संध्याकाळी परत यायचे, आणि तो धावत खाली उतरून त्यांना आणायला जायचा. आणायला म्हणजे काय, तर गोष्टींसाठी. कारण त्याचे वडील प्रत्येक वळणावर थांबायचे, हात छातीवर ठेवायचे, जरा वेळ काहीच बोलायचे नाहीत, आणि मग म्हणायचे, “खरं सांगतो...” त्यानंतर जे यायचं त्यात खऱ्याचा लवलेश नसायचा. एका गिऱ्हाइकाला त्यांनी इतका तेज चष्मा करून दिला होता म्हणे, की त्याला उद्याचं वर्तमानपत्र आजच वाचता यायचं; बिचारा दुसऱ्या दिवशी करायचं काय म्हणून दिवसभर झोपून राहायचा. एक काच त्यांनी इतकी स्वच्छ घासली की ती ठेवली कुठं हेच कुणाला सापडेना, आणि दुकानाचा मालक अजून ती शोधतोय. एका बाईंच्या चष्म्यातून नवऱ्याचं खोटं बोलणं दिसायचं, म्हणून नवऱ्यानं मालकाला दुप्पट पैसे देऊन तो फोडून घेतला.

तो लहान होता तेव्हा एका वळणाला एक गोष्ट होती आणि ती चटकन संपायची. मग त्या लांबत गेल्या. मग वळणांच्या मध्येसुद्धा, पायरीवर, कठड्याला धरून, गोष्टी येऊ लागल्या. शेवटच्या वर्षी हत्तीची गोष्ट चालू होती. एका आंधळ्या होत चाललेल्या हत्तीला चष्मा हवा होता आणि त्याच्या कानांवर त्याची दांडी काही बसेना. ती गोष्ट किती दिवस चालली याला हिशेब नाही. जिन्यात हत्ती एकेक पायरी वर सरकत होता आणि तो मुलगा आनंदानं वेडा होत होता की आपले बाबा जगातले सगळ्यांत मोठे गोष्ट सांगणारे आहेत. एक दिवस दुकानातून माणूस आला आणि म्हणाला की ते काच हातात घेऊनच बसल्या बसल्या गेले. घर रडत होतं. तो मुलगा जिन्यात जाऊन बसला आणि त्याला, कुणाला सांगितलं असतं तर मार बसला असता, पण त्याला हत्तीचं सगळ्यांत जास्त वाईट वाटलं.

आता बादलीवर बसल्या बसल्या त्याला कळलं की त्या गोष्टी नव्हत्याच. ते श्वास होते. एक माणूस आपल्या मुलाला घाबरवायचं नाही म्हणून छातीवरचं ओझं हलकं होईपर्यंत थापा मारत होता. आणि ओझं उतरायला जितका वेळ लागायला लागला तितका हत्ती मोठा होत गेला. “खरं सांगतो” म्हणण्याआधीची ती शांतता, ज्यात त्याला वाटायचं की बाबा आठवताहेत, त्या शांततेत बाबा काय करत होते हे त्याच्या स्वतःच्या छातीनं त्याला आज सांगितलं. “ब्रेक बरोबर आहे मिस्त्री,” पाना ओरडला. “कंट्रोलच्या पॉइंटांवर काजळी धरलीय.” “पूस मग,” तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात काहीतरी असं होतं की पानानं मागं वळून पाहिलं.

पानानं त्याच संध्याकाळी फोन केला. त्याला नव्हे, त्याच्या बायकोला. तो घरी पोचला तेव्हा बायको दारातच उभी होती. “अहो, पाना सांगत होता, तुम्ही आज त्या बाईंना अर्धीच गोष्ट सांगितलीत?”

“मग?”

“लग्न झाल्यापासून तुम्ही एक गोष्ट अर्धी सोडलेली नाही. सासूबाई आजारी होत्या तेव्हासुद्धा नाही. काय होतंय ते सांगा.”

मुलगी मागं टेबलाशी बसली होती. ती दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या कारखान्यात काम करायची. हातांना कायम त्या गुलाबी मेणाचा वास. बापासारखी बोलकी नव्हती. बोलायची ते माप घेतल्यासारखं, हवं तेवढंच. “उद्या डॉक्टर,” ती म्हणाली. “मी सुट्टी टाकलीये.”

“आणि तुझ्या कवळ्या?”

“लोक एक दिवस पातळ खातील.”

खरं म्हणजे डॉक्टरकडे जायचं हे त्यांच्या घरात बसत नव्हतं. त्यांच्यातले पुरुष तरुणपणीच जायचे आणि थाटात जायचे. आजोबा पत्त्यांच्या डावात हुकमाचं शेवटचं पान वर उचललेलं असताना गेले. पान हातातून सुटेना, म्हणून समोरच्यांनी हार मान्य केली आणि मगच बोटं उघडली. काकांचा आवाज असा होता की त्यांनी खालून हाक मारली तर वरच्या मजल्यावरचं झोपलेलं मांजर स्वतः उतरून यायचं. ते म्हणे शिंक येता येता गेले, आणि शिंक बाकीची मागून आली. या गोष्टी प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला सांगितल्या जायच्या आणि लोक डोळे पुसेपर्यंत हसायचे. त्यामुळे आपणही एका ठराविक वयाला असेच जाणार हे त्यानं इतकं आधीपासून धरून ठेवलं होतं की लांब मुदतीच्या हमीची वस्तू तो घरात येऊ द्यायचा नाही. मिक्सरवाला म्हणाला, दहा वर्षं बघायला नको. तर हा म्हणाला, मग मला कशाला देताय, बघणाऱ्याला द्या. बायकोला राग यायचा. त्याला मात्र त्यात एक प्रकारचा आराम होता, शेवटचा मजला माहीत असलेल्या माणसाचा आराम. आता तो मजला जवळ आला होता आणि त्याला उतरायचं नव्हतं. एवढीच गोष्ट होती. उतरायचं नव्हतं.

डॉक्टरीणबाई वयानं त्याच्या मुलीपेक्षा थोड्याच मोठ्या, छोट्याशा, भरभर बोलणाऱ्या. छातीला तारा लावून झाल्या, रक्त काढून झालं, पळत्या पट्ट्यावर चालवून झालं. पट्ट्यावर काउंटरवेट लगेच येऊन टेकलं आणि बाईंनी पट्टा थांबवला. मग त्यांनी त्याच्याकडे तोंडापुढं तोंड आणून पाहिलं. डोळ्याकडे.

“हे कधीपासून आहे?”

डाव्या पापणीवर नाकाच्या बाजूला एक पिवळसर, चपटा ठिपका होता. “हे होय?” तो जरा सावरून बसला. “हे आमच्या घराण्याचं. सोन्याचा थेंब म्हणतात. वडिलांना होता, काकांना होता. माझ्या ताईला तर दोन्ही डोळ्यांना आहे.” हे सांगताना त्याचा आवाज आपोआप चढला, कारण त्याच्या थोरल्या बहिणीनं त्या दोन थेंबांच्या जोरावर आजवर भल्याभल्यांना गप्प केलं होतं. तिशी उलटली की थेंब येतो, आला की माणूस अस्सल, असा तिचा कायदा. त्याच्या मुलीला तिशी उलटूनही थेंब आला नाही म्हणून ताई प्रत्येक भेटीत तिची पापणी ओढून बघायची आणि म्हणायची, “नाहीच ग बाई. आईवर गेलीस.”

“मोजे काढा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. टाचेच्या वरची शीर त्यांनी चिमटीत धरली, जाडी बघितली, मान हलवली. मग घरात कोण कसं गेलं ते विचारलं. त्यानं आजोबांचे पत्ते सांगितले, रंगवून, हाताच्या खुणांसकट. त्या मनापासून हसल्या. आणि कागदावर एकच शब्द लिहिला: हृदय. त्यानं काकांची शिंक सांगितली. पुन्हा हसल्या, पुन्हा तोच शब्द. वडिलांच्या वेळी त्यानं काहीच रंगवलं नाही. “जिन्यात थांबायचे,” एवढंच म्हणाला. त्या हसल्या नाहीत.

“तुमच्या घरात रक्तातलं कोलेस्टेरॉल जन्मापासूनच फार जास्त असतं,” त्या म्हणाल्या. “आईवडिलांपैकी एकाकडून आलं तरी पुरतं. तो थेंब म्हणजे तेच, कातडीखाली साठलेलं; टाचेवरची शीर जाड झालीय तीही त्यानंच. बाहेर दिसतं ते निरुपद्रवी. आत, हृदयाच्या रक्तवाहिन्यांत साठतं तिथं वाट अरुंद होते. चढताना हृदयाला रक्त जास्त लागतं, ते पोचत नाही, म्हणून दुखतं. थांबलात की पुरतं.”

“म्हणजे ओव्हरलोड नाही.”

“लोड तेवढंच आहे. दोर बारीक झालाय.”

त्याला ते एकदम पटलं, आणि पटल्याचा राग आला. “मग किती दिवस?” त्यानं विचारलं. हा प्रश्न त्यानं मनात फार वर्षांपासून घोटून ठेवला होता, आवाज कसा ठेवायचा तेही. मुलगी शेजारी बसून हाताची नखं बघत होती.

“कशाचे?”

“माझे.”

“ते मला कसं माहीत? पर्याय आहेत, ते सांगते.”

पर्याय. त्याला क्षणभर अपमान झाल्यासारखंच वाटलं. आजोबा हुकमाच्या पानासकट गेले, काका शिंकेसकट, आणि याच्यासमोर ही डॉक्टर पोरगी हॉटेलातल्या वेटरनं काय काय आहे ते सांगावं तशी सांगत होती. औषधं तर घ्यायचीच: रक्त गोठू नये म्हणून एक, हृदयाची घाई कमी करायला एक, कोलेस्टेरॉल उतरवायला एक, कदाचित दोन, आणि दुखायला लागलं तर जिभेखाली मारायचा फवारा. त्यानं भागलं तर उत्तम. दुखणं राहिलंच तर मनगटातून तार घालून आत बघायचं. एखादीच जागा अरुंद असेल तर तिथं जाळी बसवायची. बऱ्याच जागा असतील, किंवा मुख्य वाहिनीतच असेल, तर छाती उघडून नवी वाट जोडायची. “आणि हे पक्कं लक्षात ठेवा, थांबूनही आणि फवारा मारूनही दुखणं गेलं नाही तर गोष्ट सांगत बसायचं नाही. रुग्णवाहिका.”

“यातलं भारीतलं कुठलं?” त्यानं विचारलं.

“भारीतलं म्हणजे?”

“म्हणजे जगवणारं.”

“तुमच्यासारख्या दुखण्यात जाळी बहुतेक दुखणंच घालवते. आयुष्य सांभाळतात त्या गोळ्या. रोजच्या.”

“एवढ्याशा?”

“एवढ्याशा.”

“म्हणजे मी... लगेच नाही?”

“कधीतरी नक्की,” त्या म्हणाल्या. “पण घाई मला तरी दिसत नाही.” आणि लिहिता लिहिता, मान वर न करता त्यांनी विचारलं, “मुलं किती?”

“ही एकच.”

“हिचंही रक्त घेऊ, जनुकांच्या तपासणीला. निकालाला बरेच आठवडे लागतात. निम्मी शक्यता असते.”

“हिला थेंब नाही,” तो घाईनं म्हणाला.

“थेंबावर काही नसतं. अनेकांना तो येतच नाही.”

तिनं बाही वर केली. माप देतात तसा हात पुढं केला. त्यानं तिकडं पाहिलं नाही. भिंतीवरच्या हृदयाच्या चित्राकडं पाहिलं, जे त्याला एखाद्या कुजलेल्या फळासारखं दिसत होतं.

निम्मी. त्या शब्दानं त्याचं डोकं खाल्लं. स्वतःच्या मरणाची त्याला इतकी सवय होती की ते घरातल्या जुन्या कपाटासारखं झालं होतं, अंधारातही न धडकता बाजूनं जाता यायचं. हे नवीन होतं. तो मुलीवर नजर ठेवायला लागला. ती जिना चढून आली की तिच्या श्वासाला कान लावायचा. ती कमी बोलते याचं त्याला आयुष्यात पहिल्यांदा बरं वाटलं. गोष्टी सांगत नाही म्हणजे दुखत नाही. मग लगेच वाटलं, बोलत नाही म्हणजे दुखणंही सांगायची नाही. एकदा ती स्वयंपाकघराच्या दारात थांबली आणि तिनं हात छातीवर नेला. त्याच्या हातातली बशी सुटली. “काय झालं?” ती म्हणाली. मग त्याची नजर कुठं आहे ते बघून तिनंच उत्तर दिलं, “बटण तुटलंय.” “बाबा, तुम्ही असं बघू नका हो माझ्याकडे. कवळी बसवायला आलेल्या माणसासारखं वाटतं. आता हसतेय का, आता चावतेय का.”

फवारा त्यानं पहिल्यांदा वापरला तो एका जुन्या कचेरीच्या जिन्यात. डॉक्टरीणबाईंनी चढायला सावकाश सांगितलं होतं, तरी वजन येऊन टेकलं. खाली बसून त्यानं जिभेखाली फवारा मारला. कडवट, थंड. डोकं जरा भणभणलं. आणि मग ते वजन कुणीतरी उचललं. ज्या हळुवारपणानं टेकवलं होतं त्याच हळुवारपणानं, वर, वर, आणि छाती एकदम नुसती छाती राहिली, फासळ्या आणि शर्ट. तो पायरीवर बसून राहिला. एवढीशी कुपी. बाबांच्या खिशात चष्म्याच्या फडक्याशेजारी मावली असती. मग ते वळणावर क्षणभर थांबले असते, म्हणाले असते चल, आणि दोघं वर जेवायला गेले असते. तेज चष्मा नसता, हरवलेली काच नसती, हत्ती तर जन्मालाच आला नसता. त्याला आनंद व्हायला हवा होता, आणि होताही. पण त्या आनंदाच्या तळाशी काहीतरी खडबडीत होतं आणि ते काय आहे हे बघायला तो थांबला नाही. “मिस्त्री, आहात ना?” पानाचा आवाज वरून आला. “आहे,” तो म्हणाला. “आहे रे.”

औषधांनी पुष्कळ उतरलं, पण सगळं नाही, आणि त्याला जिने तर चढायचेच होते. म्हणून जाळी ठरली. त्या खोलीत थंडी होती, मनगटाशी एक टोचणी, आणि मग पडद्यावर त्यानं स्वतःचं आत पाहिलं: काळ्या फांद्या, हलणाऱ्या, आणि त्यांतून वर चढत जाणारी एक तार. आयुष्यभर तो दुसऱ्यांच्या इमारतींतल्या, विहिरीसारख्या उभ्या शाफ्टमध्ये वाकून पाहत आला होता. आता कुणीतरी त्याच्यात पाहत होतं. “जरा डावीकडं घ्या,” तो म्हणाला. “अडकेल.”

“तुम्ही झोपा हो,” आतल्या कुणीतरी सांगितलं.

“झोपतो. पण डावीकडं घ्या.”

एका फांदीत वाट चिमटल्यासारखी होती. तिथं काहीतरी फुगलं, क्षणभर छातीत ती ओळखीची कळ आली, आणि मग पडद्यावर काळी रेघ अचानक भरून पुढं धावली, टोकापर्यंत, जिथं आधी काहीच दिसत नव्हतं तिथंही. अडकलेली लिफ्ट सुटते तेव्हा आधी एक बारीक झटका बसतो आणि मग दोर गुणगुणायला लागतो. तो आवाज त्याला स्पष्ट ऐकू आला. खोलीत तसा काही आवाज नव्हता. त्याचे डोळे भरून आले आणि तो म्हणाला, थंडीमुळं.

मुलीचा निकाल त्यानंतर आला. डॉक्टरीणबाईंनी दोघांना एकदमच बोलावलं होतं, त्यावरूनच त्यानं ओळखलं. तरीही आत जाईपर्यंत त्यानं स्वतःशी सौदे केले. जाळी परत घ्या. फवारा परत घ्या. एवढं एक उलटं निघू द्या.

“आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “हिलाही आहे.”

त्याला वाटलं होतं काहीतरी कोसळेल. काही कोसळलं नाही. पंखा फिरत होता. बाई पुढं बोलत होत्या आणि शब्द एकेक करून त्याच्यापर्यंत येत होते. रक्तवाहिन्या अजून चांगल्या आहेत. गोळी आजपासून. खाणं, चालणं, मधूनमधून तपासणी. मूल हवं असेल तेव्हा आधी येऊन सांग, गोळी काही काळ थांबवावी लागेल. “वडिलांना कळेपर्यंत वाट अरुंद झाली होती. तुझी होण्याआधीच आपण पोचलोय. नेमानं घेतलीस तर इतरांसारखंच जगायचं आहे तुला, इतरांसारख्याच चुका करत म्हातारं व्हायचं आहे.”

मुलगी कागद बघत होती. तिच्या ओठाचा एक कोपरा वर गेला. “बाबा,” ती म्हणाली, “आत्याला फोन करा. म्हणावं, थेंब नसला तरी मी तुमच्यातलीच निघाले.”

तो हसला नाही. मग हसला. हसणं असं आलं की त्याला खुर्चीचा हात धरावा लागला, आणि डॉक्टरीणबाई घाईनं म्हणाल्या, “दुखतंय का?” “नाही,” तो म्हणाला, “नाही, नाही,” आणि ते खरंच नव्हतं. हसता हसता तो वाट बघत होता त्या वजनाची, आणि ते येत नव्हतं.

ताईला त्यानं घरी जाऊन फोन केला. “चरबी?” ती किंचाळली. “माझ्या डोळ्यांवर चरबी? कोण म्हणतंय? पोर आहे का डॉक्टर? आपल्या बापाच्या डोळ्यावर चरबी होती असं म्हणायचंय तुला?” तो ऐकत राहिला. बराच वेळ बापाची, आजोबांची, सोन्याची बाजू मांडून झाल्यावर तिकडचा आवाज एकदम लहान झाला. “मला हल्ली देवळाच्या, म्हणजे... कुठल्याही पायऱ्या चढताना थांबावं लागतं रे,” ती म्हणाली. “मला वाटलं वय. कुठं बसते ती पोरगी?” त्यानं पत्ता सांगितला, आणि मी येतो बरोबर, असंही.

रात्रीच्या जेवणाची ताटं मांडायच्या आधी गोळीवरून वाद झाला. ती जेवणाआधी घ्यायची की नंतर, हे विचारायचं दोघंही विसरले होते. बायकोनं डब्यातला घडीचा कागद उलगडला. तो उलगडता उलगडता चादरीएवढा झाला आणि अक्षरं मुंगीच्या पायाएवढी. “नंतर असणार,” तो म्हणाला. “माझ्या सगळ्या नंतर आहेत.” “तुमच्या वेगळ्या हो,” बायको म्हणाली. “इथं लिहिलंय, कधीही.” “कधीही असं औषध असतं का कुठं?” “लिहिलंय ना!” “नीट वाच, पुढं काहीतरी असेल.” मुलगी मध्ये उभी, तळहातावर गोळी, एकदा याच्याकडे एकदा तिच्याकडे बघत. घराण्यातल्या सगळ्या पुरुषांना उचलून नेणारी ती गोष्ट आज त्यांच्या जेवणाच्या टेबलावर येऊन पोचली होती, आणि भांडण चाललं होतं आधी की नंतर. शेवटी मुलीनं कंटाळून ती तोंडात टाकली आणि वर पाणी प्यायली.

तिघं तिच्याकडे बघत राहिले. ती स्वतःसुद्धा, जणू स्वतःकडे.

“झालं?” बायकोनं विचारलं.

“झालं. चव पण नाही कसली.” तिनं पेला खाली ठेवला. “उद्या मी विसरणार. बाबा, तुम्ही आठवण कराल?”

“करीन.”

“आणि परवा?”

“परवाही करीन. रोज करीन.” बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की रोज म्हणजे काय म्हटलं आपण. आजवर या घरात त्यानं कुणाला पुढच्या उन्हाळ्याचंसुद्धा वचन दिलं नव्हतं. त्यानं बायकोकडे पाहिलं. तिच्याही लक्षात आलं होतं. ती कागदाची घडी घालायचा प्रयत्न करत होती आणि ती काही पहिल्यासारखी बसत नव्हती.

“रोज?” मुलगी म्हणाली. “बाबा, ही जन्मभर घ्यायची आहे. कंटाळाल.”

“कंटाळू दे की,” तो म्हणाला, आणि ताटं घ्यायला उठला.